अंगी लावणारे बिराजदार सर

"थुंका. दाजी, तोंडातलं आधी थुंका म्हणतोय मी."

बिराजदार सर लोहाऱ्यात आपल्या थोरल्या बहिणीच्या दारात उभे राहून ओरडत होते आणि सूर्य अजून पुरता वर आलेला नव्हता. सरांचा आवाज असा, की उमरग्याच्या कॉलेजात त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली की हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक आपलंच नाव पुकारलं समजून ब्रेक मारायचे. तो आवाज त्या पहाटे लोहाऱ्याच्या गल्लीत फुटला. कोंबड्यांनी त्या दिवसाची सुट्टी घेतली.

दाजी म्हणजे सरांच्या बहिणीचे यजमान. ओट्यावर उगवतीकडं तोंड करून उभे, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात रिकामा, कारण त्या हातातलं मूठभर जवस नुकतंच तोंडात गेलेलं. गाल दोन्हीकडून फुगलेले. थुंकावं तर मेव्हण्याचं ऐकल्यासारखं होतं, गिळावं तर मेव्हणा अंगावर येतो. 'थुंका' हा शब्द ऐकून शेजारीपाजारी धावत आले. विष पोटात गेलं असणार, दुसरं काय. एका बाईनं मिठाचं पाणी आणलं, एकानं जीप चालू करून दारात लावली, आणि एका म्हाताऱ्यानं तर दाजींच्या चांगुलपणाबद्दल बोलायलाही सुरुवात केली. एवढी माणसं बघून दाजी बावरले आणि घटाघटा पाणी पिऊन सगळं गिळून मोकळे झाले.

सर पायरीवर मटकन बसले. म्हणाले, "गेलं. अख्खं गेलं. दाजी, पाखरानं गिळलेलं बी दुसऱ्या रानात जाऊन उगवतं, ठाव हाय न्हवं? तुमचं बी तसलंच चाललंय."

मी स्कूटर भिंतीला टेकवून बाजूला उभा होतो. सरांना तिथवर मीच आणलं होतं. मला हसू येत होतं, पण आतल्या दारात सरांची बहीण उभी होती. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू गिळलं, दाजींनी जवस गिळलं तसं.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो, सर रसायनशास्त्र. आमच्या खोल्यांत एकच भिंत होती आणि तीही सरांच्या आवाजापुढं नावापुरती. माझ्या पोरांना अलंकार कमी आणि आम्ल-अल्कली जास्त पाठ झालं ते त्या भिंतीमुळं. सर सहकाऱ्यांना नावानं कधी बोलवत नसत, विषयानं बोलवत. मी 'मराठी', पलीकडचे 'भूगोल', आणि प्राचार्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागं 'शिल्लक' म्हणत, कारण प्राचार्यांचा विषय काय होता हे कुणालाच आठवत नव्हतं.

अंगानं सर शेवग्याच्या शेंगेसारखे. शर्टाच्या वरच्या खिशात माणसं पेन ठेवतात, सर करडईच्या तेलाची बाटली ठेवत. बोटाएवढी बाटली, तिचं बूच कधीच नीट बसत नसे, त्यामुळं सरांच्या प्रत्येक शर्टावर छातीच्या डाव्या बाजूला तेलाचा एक नकाशा असायचा. नवा शर्ट घेतला की दोन दिवसांत त्यावर नवा देश उगवायचा. भूगोल एकदा म्हणाले, की मला ऑस्ट्रेलिया शिकवायचा असला की मी सरांना वर्गात बोलावतो.

आणि या बाटलीपाठीमागं सरांचं सगळं तत्त्वज्ञान होतं. ते एका वाक्याचं होतं: पोटात जाणं येगळं आणि अंगी लागणं येगळं. लोक विचारतात काय खाल्लं. सर विचारत, अंगी काय लागलं. रस्त्यात भेटले तरी पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, ताटाचा. काय जेवलास, कशासोबत जेवलास, तेल होतं का, बी कुटलेलं होतं का. चांगलीचुंगली माणसं सर दिसले की बोळात वळायची.

उमरग्याच्या आजूबाजूला तेव्हा ज्याला त्याला कोलेस्टेरॉल निघायला लागलं होतं. पूर्वी माणसाला मुलगी बघायला जायचं असलं तर नवे कपडे शिवायचे, आता आधी रक्त तपासायचं. आणि त्याच सुमारास मोबाइलवर सगळीकडं जवसाचं कौतुक सुरू झालं. जवस खा, तीळ खा, रक्त साफ. लोक मुठीच्या मुठी गिळायला लागले. सरांना त्याचा आनंद व्हायला हवा होता, कारण जवसाचं गाणं ते वीस-बावीस वर्षं आधीपासून गात होते. पण सर चिडले. म्हणायचे, हे लोक गाणं पाठ करतेत आणि सूर सोडतेत.

तो सूर म्हणजे सरांची जीप.

जीप समजल्याशिवाय सर समजायचे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. सरांनी मात्र थोडक्यात कधी सांगितली नाही. फळ्यावर ते आतडं काढायचे, लांबलचक, लोहारा-उमरगा रस्त्यासारखं. त्यावर एक काळी-पिवळी जीप. कोलेस्टेरॉल हा एक प्रवासी. तिळात, जवसात, करडईत, सोयाबीनमध्ये त्याच्यासारखंच दिसणारं एक द्रव्य असतं, ते त्याचं चुलतभावंड. आतड्यातून रक्ताच्या गावाला जायचं तर दोघांनाही जीपच पाहिजे, चालत जाता येत नाही. आणि जीप कधी येते? तर जेवणात थोडं तेल पडलं आणि पित्त सुटलं की दोन्ही मिळून जीप तयार होते. जागा मोजक्या. तिळातला भाऊ आधी चढून ऐसपैस बसला, की कोलेस्टेरॉल स्टँडवर उभंच राहतं आणि पुढच्या मार्गानं शरीराबाहेर चालू पडतं. हा तिळातला भाऊ शेवटी रक्तात फारसा उतरतही नाही. नुसती जागा अडवतो. इथं सर थांबायचे, वर्गाकडं बघायचे आणि म्हणायचे, "असली माणसं आपल्या तालुक्यात कमी हायत का?" तेव्हा प्राचार्य व्हरांड्यातून जात असले तर वर्ग फार वेळ हसायचा.

तर मुद्दा असा, की पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर तीळ-जवस घेतलं तर स्टँडवर तिळातला भाऊ हजर, पण जीपच नाही; जेवणाबरोबर जीप येते तोवर तो निघून गेलेला. आणि बी न कुटता गिळलं तर तो भाऊ अजून कुलूपबंद पेटीतच. जवसात आत शिरून काम करणारी आणखी काही गुणी द्रव्यं असतात, तीही पेटीत. पेटी तशीच गावभर फिरून परत येते.

एवढं सांगून सर थांबले असते तर ते नुसते मास्तर झाले असते. सरांना जीप सुधारायची होती. घरी एक खलबत्ता होता, तो त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. तीळ आणि जवस मंद भाजायचं, जळू द्यायचं नाही, कुटायचं, मग करडईच्या कोमट तेलात घोटायचं आणि त्यात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. सोयाबीनमध्ये तेलाला आणि पाण्याला एकमेकांशी बोलायला लावणारा गुण आहे, असं ते म्हणत. नवरा-बायकोत मध्यस्थी करणाऱ्या मामासारखा. मग लसूण, मीठ, तिखट. शेवटी परीक्षा. चटणीचा एक थेंब काचेच्या पेल्यातल्या गरम पाण्यात सोडायचा. तेल वर तरंगलं तर चटणी नापास. पाणी दुधासारखं झालं तर पास. नापास चटणी सर आम्हाला खाऊ घालत. पास चटणी स्वतः खात. त्यामुळं स्टाफरूममध्ये सगळ्यांची प्रार्थना चटणी नापास व्हावी अशीच असे.

एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली. प्राचार्यांनी महिनाभर भिंती रंगवल्या होत्या. समिती प्रयोगशाळेत शिरली तर फिनेलच्या जागी लसणाचा वास. अध्यक्ष मोठे करड्या चेहऱ्याचे, बहुधा लहानपणीच निवृत्त झालेले. त्यांनी खलबत्त्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय. प्राचार्यांचं हृदय तिथंच थांबलं असतं, पण त्यांनी सकाळी नापास चटणी खाल्ली होती, म्हणून वाचले. सर म्हणाले, तेल आणि पाणी यांच्या मिश्रणाचं प्रात्यक्षिक. आणि जीप सुरू केली. अध्यक्ष ऐकत राहिले, एक बोट चाटलं, दुसरं चाटलं, आणि मग इतक्या हळू आवाजात विचारलं की समितीतल्या इतरांना ऐकू जाऊ नये: भाकरी आहे का? समिती अर्ध्या दिवसासाठी आली होती. ती शिपायाच्या घरची, माळ्याच्या घरची आणि समोरच्या खानावळीतली भाकरी संपल्यावरच गेली. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर त्या खानावळवाल्याला विचारा. तो याहून जास्त सांगतो.

अणदूरच्या एका लग्नातली गोष्ट मात्र सरांच्या अंगाशी आली. पंगतीत एक गृहस्थ बसले होते, नुकतेच सोलापूरला जाऊन काळजाच्या नळ्या साफ करून आलेले. बायकोनं घरून आणलेली कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी त्यांच्या पुढ्यात ठेवली होती, आणि शेजारी डबीत जवसाचं कोरडं पीठ. गृहस्थ ते पीठ असं खात होते की बघणाऱ्याला वाटावं नळ्यांत राहिलेला कचरा परत भरतायत. सर वाढप्यांच्या रांगेतून आले, खिशातली बाटली काढली आणि काही न विचारता त्यांच्या ताटात धार धरली. बाई किंचाळली. मुलगा धावून आला. आमच्या बापाला मारायला कुणी पाठवलं, इथपर्यंत भाषा गेली. सरांनी पंगतीच्या मधोमध उभं राहून जीप सांगितली. नवरा-नवरी वाढायला उठली होती, ती तशीच हातात जिलबी धरून ऐकत उभी. शेवटी सर म्हणाले, एक चमचा म्हणतोय मी, एक चमचा, जीप मागवलीय, टँकर नाही. आणि पलीकडंच भज्यांच्या ताटावर ओणवून बसलेल्या एका जाड्या पाहुण्याकडं वळून त्याला म्हणाले की तुम्ही मात्र टँकर मागवलाय. अशा तऱ्हेनं एका लग्नात दोन्ही बाजूंची माणसं दुखावून सर जेवायचे राहिले आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून घरी आले. वाटेत एवढंच म्हणाले, की नवरी हुशार आहे, लक्ष देऊन ऐकत होती.

असे हे सर. आणि अशा माणसाच्या बहिणीच्या घरीच आजार आला.

दाजींचे दोन थोरले भाऊ काळजाच्या झटक्यानं गेलेले, दोघंही साठी न बघता. दाजी आता त्याच वयाकडं निघालेले. आक्कानं, म्हणजे सरांच्या बहिणीनं, त्यांना ओढत उमरग्याला डॉक्टर सुनंदाकडं आणलं. सुनंदा ही सरांचीच विद्यार्थिनी. रक्त तपासलं, आकडा चढलेला. सुनंदानं गोळी लिहिली. दाजी म्हणाले, गोळी घेणार नाही. का? तर थोरल्या भावाला गोळी सुरू केली आणि आठवड्यात तो गेला. भाऊ गोळी सुरू करायच्या आधीच अर्धा गेलेला होता, हे सुनंदानं परोपरीनं सांगितलं. दाजींनी हसतमुखानं ऐकलं आणि मान हलवली. झाडपाल्याचं काही असेल तर द्या, म्हणाले, आमचे पाव्हणं वीस वर्षं तेच सांगायलेत.

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी छाती पुढं काढली, तेलाच्या डागासकट. तेव्हा आक्का बोलली. ती फार कमी बोलायची, भावानं घरातले सगळे शब्द आधीच वापरून टाकले असावेत.

"गुंडू," ती सरांना म्हणाली, "मला हा माणूस पायजे. तेवढं बघ."

सुनंदानं तीन महिने दिले. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर गोळी, आणि त्यावर वाद नाही. सर म्हणाले, वाद तू मला शिकवू नकोस.

सरांनी चटणी केली. अशी चटणी पुन्हा झाली नाही. थेंब सोडला की पेल्यातलं पाणी असं पांढरं व्हायचं की मांजर येऊन बसायचं. दर पंधरवड्याला बरणी लोहाऱ्याला जायची, कधी जीपनं, कधी माझ्याबरोबर. तीन महिने झाले, रक्त तपासलं. आकडा उतरला नव्हताच, उलट थोडा वर सरकला होता.

सरांचा विश्वास बसेना. आधी त्यांनी सुनंदाच्या यंत्रावर शंका घेतली. मग त्या वर्षीच्या तिळावर. मग सोयाबीनवर. मग माझ्यावर, की वाटेत बरणीतली मी खातो. मी खात होतो, पण आकडा हलावा इतकी नाही. शेवटी एका पहाटे, कुणाला न कळवता, मला उठवून म्हणाले, मराठी, स्कूटर काढ.

आणि आम्ही लोहाऱ्यात पोचलो तेव्हा जे दिसलं ते सुरुवातीला सांगितलं.

थुंकणं-गिळणं आटोपल्यावर ओट्यावर चौकशी झाली. दाजी निरागस माणूस. त्यांनी सगळं अभिमानानं सांगितलं. रोज पहाटे अंघोळ करून, सूर्याला नमस्कार करून, अनशापोटी चटणीचं एक बोट मधातून. वरून तांब्याभर पाणी. मोबाइलवर वाचलं तेव्हापासून सोबत मूठभर अख्खं जवस, आपल्या पदरचं. डॉक्टरीणबाईंनी तेल कमी करा म्हणून सांगितलेलं, म्हणून तेल बंद. दोन्ही वेळेला कोरडी भाकरी. मंगळवारी भवानीचा उपास, त्या दिवशी चटणी दुप्पट, कारण पोट जास्त रिकामं.

"पण जेवणात का न्हाई घेतली?" सर म्हणाले. हा आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तो हळू होता.

दाजींना प्रश्नच कळला नाही. "अवो, औषध हाय न्हवं ते? औषध जेवताना कोन घेतंय? औषध अनशापोटीच घेत्यात."

यात दाजींची चूक काय, तुम्हीच सांगा. आमच्याकडं कडुलिंबाचा पाला असो, आवळ्याचा रस असो, गुळवेल असो, जे झाडाचं आहे आणि गुणाचं आहे ते पहाटे रिकाम्या पोटीच घ्यायचं, हे माणूस चालायच्या आधी शिकतो. आणि वीस वर्षं तालुकाभर ओरडून त्या चटणीला औषध कुणी केलं होतं? सर पायरीवरून उठले, शर्ट झटकला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दाजी, आजपासनं हे औषध न्हाई. चटणी हाय. चटणी भाकरीसंगं खातेत."

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. सुनंदाकडून सुट्टीपुरती मुदत मागून घेऊन सर लोहाऱ्यातच राहिले. दोन्ही वेळेला दाजींच्या ताटासमोर मांडी घालून बसायचे. चटणी ताटात पडली की तेलाचा एक चमचा, भाकरीबरोबर, घासाघासाला थोडी. दाजी बाहेर ओट्यावर येऊन लोकांना सांगत, की बायकोच्या भावानं घर बळकावलंय, आता घासही मोजून मिळतो. चोरून स्टँडवर भजी खायला गेले तर भजीवाल्यानंच परत पाठवलं. सरांनी त्याला आधीच जीप ऐकवली होती आणि तो अजून त्या धक्क्यात होता. म्हशीच्या दुधाची साय दाजींनी माळ्यावर लपवली, ती मांजरानं खाल्ली. त्या मांजराचं पुढं काय झालं ते ठाऊक नाही, पण सरांनी त्याचीही चौकशी केली.

सुट्टी संपली, रक्त तपासलं. आकडा उतरला.

सरांनी दवाखान्यातच आधी शिट्टी वाजवली. मग सुनंदाला मिठी मारायला निघाले, ती टेबलामागं सरकली म्हणून कंपाउंडरला मारली. दाजी असे उभे राहिले जणू उतरलेला आकडा त्यांनी स्वतः खांद्यावरून उतरवून ठेवलाय. आरडाओरडा शांत झाल्यावर सुनंदा म्हणाली, सर, उतरलाय, चांगला उतरलाय. पण ज्याचे दोन भाऊ गेलेत त्याला एवढं पुरत नाही. गोळी लागेल.

दाजी म्हणाले, न्हाई.

सर म्हणाले, आणखी तीन महिने दे. आक्का दारात उभी होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि बहुधा त्यांना बघायला हवं होतं ते सोडून सगळं दिसलं. म्हणाले, "सुनंदा, माझं रक्त काढ. वीस वर्षं ही चटणी नियमानं खाल्लेल्या माणसाचा आकडा बघ. मग ठरवू, गोळी कुणाला लागते ते."

सुनंदानं काढलं. संध्याकाळी आम्ही सगळे परत गेलो. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि सरांना बसायला सांगितलं. सरांचा आकडा दाजींच्या पहिल्या आकड्याच्याही वर होता.

सर गप्प झाले. त्या संध्याकाळी अर्ध्या उमरग्यानं लाइट गेली समजून मेणबत्त्या लावल्या.

सुनंदानं समजावलं, की कोलेस्टेरॉल नुसतं ताटातून येत नाही, यकृत ते घरातच बनवतं, काही घराण्यांत जरा जास्तच हौसेनं. सरांनी हात वर करून तिला थांबवलं. "हे तुला मीच शिकवलंय," म्हणाले. "घरात जन्मलेल्याला जीप लागत न्हाई. फळ्यावर जागा उरायची न्हाई म्हणून ते शेवटी सांगायचो, तवर घंटा व्हायची." मग आवाज पूर्ववत करून म्हणाले, की चटणी नसती तर माझा आकडा तुझ्या यंत्रात मावला नसता.

"नसता मावला सर," सुनंदा म्हणाली. "गोळी रात्री जेवण झाल्यावर."

सरांनी गोळीची पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि दाजींपुढं धरली. मी त्यांना दुसऱ्याचं म्हणणं पुढं करताना तेवढं एकदाच पाहिलं. म्हणाले, "दाजी, माझी चटणी फाटकापतुर राखण करती. घरातल्याचं तिला जमत न्हाई. तिथं हिचं काम. माझं ऐका, घ्या."

दाजींनी मेव्हण्याला नीट न्याहाळलं. "आधी तुमी घ्या, पाव्हणं," म्हणाले. "महिनाभर जित्तं ऱ्हायलात तर मी घेतो."

पुढचा महिना उमरग्यानं बघितला. दाजी बिछाना घेऊन सरांच्या घरी राहायला आले. आता तेच ताटासमोर मांडी घालून बसत. सर गोळी तोंडात टाकत, दाजी जीभ बाहेर काढायला लावून तपासत. पहाटे सरांच्या नाकासमोर हात धरून श्वास बघत, मग बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन जाहीर करत, "आज बी हायत." टपरीवर लोक पैजा लावायला लागले. सर जरा उशिरा उठले की गर्दी जमायची. एकदा सरांना साधं पडसं झालं, तर लोहाऱ्याहून भेटायला दोन जीपा आल्या.

सर जगले. दाजींनी गोळी सुरू केली. ताटात चटणी, तेल आणि भाकरी तशीच राहिली, त्यावर गोळी. काही महिन्यांनी दोघांचंही रक्त तपासलं. दोघांचेही आकडे खाली आले, सुनंदा टेबलामागं न सरकता हसली, इतके खाली आले.

त्यानंतर सर निवृत्त झाले आणि मुलाकडं हैदराबादला जायला निघाले. जायच्या आधी लोहाऱ्यात जेवण झालं. दाजींचं तोवर धर्मांतर झालं होतं. ते गावभर गोळीचा प्रचार करत फिरायचे, ज्याला त्याला सांगायचे, जा, रक्त तपासून घे, गोळी घे, भ्यायचं काय त्यात. जेवताना दोघांची जुंपली. सर म्हणाले, चटणीनं वाट मोकळी केली म्हणून गोळीला काम करता आलं. दाजी म्हणाले, चटणी तोंडाला चव, काम गोळीचं. सर म्हणाले, चटणी खाली ठेवा मग. दाजींनी ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

स्टँडपर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो. सर काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पुढं बसले, शर्टावर नवाकोरा डाग. जीप निघाली तरी त्यांचं तोंड खिडकीबाहेरच होतं. मागं बसलेल्या एका बाईच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं, त्यात तेल आहे का, हे ते ड्रायव्हरच्या डोक्यावरून विचारत होते. वळणावर जीप दिसेनाशी झाली. आवाज मात्र पुढच्या गावापर्यंत ऐकू येत राहिला. दाजी परतताना वाटेत कुणाला तरी गोळी समजावायला थांबले.

मी आणि आक्का पुढं चालत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, आक्का, इथं आता दोघांतलं कुणी नाही. खरं सांगा, कशानं उतरलं? चटणीनं का गोळीनं?

आक्कानं मागं वळून बघितलं. दाजी हातवारे करत बोलत उभे होते.

"उतरलं नव्हं?" ती म्हणाली. "झालं मग."